रानावरचा हक्क आणि नावावरचा हक्क

पूर्व विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते, आणि प्रशासकीय नकाशावर ते वेगळे झाले तरी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची शेती, रान आणि हस्तकौशल्य यांचे नाते तुटलेले नाही. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी या तालुक्यांत माजी मालगुजारी तलावांवर पोसलेला धानपट्टा आहे. त्याच्या पलीकडे धानोरा, एटापल्ली, भामरागडपर्यंत बांबू, साग, येन आणि मोहाचे जंगल पसरले आहे, आणि गडचिरोली जिल्ह्याचे दोन तृतीयांशांहून अधिक क्षेत्र आजही वनाखाली आहे. या भूभागात पिकणाऱ्या आणि घडणाऱ्या वस्तूंना कायद्याचे कोणते संरक्षण मिळू शकते, ही चर्चा अलीकडे ‘भौगोलिक मानांकन’ या एकाच गोष्टीभोवती फिरू लागली आहे. प्रश्न मात्र त्याहून मोठा आहे. वस्तूच्या नावाचे संरक्षण करणारा कायदा वेगळा, पिकाच्या वाणाचे संरक्षण करणारा वेगळा, वनस्पतींविषयीच्या ज्ञानाची राखण करणारा वेगळा आणि ज्या रानातून कच्चा माल येतो त्या रानावरचा हक्क देणारा कायदा चौथाच. हे चारही कायदे १९९९ ते २००६ या काळात झाले आणि या दोन जिल्ह्यांत ते एकमेकांना येऊन भिडतात. त्यांत नावाचा कायदा सर्वांत जास्त गाजला, पण येथील कारागिराच्या बाजूने पाहिले तर त्याचा क्रम शेवटचा लागतो.

हा नावाचा कायदा म्हणजे संसदेने १९९९ मध्ये संमत केलेला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आलेला वस्तूंच्या भौगोलिक निर्देशनाचा कायदा होय. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ मध्ये बौद्धिक संपदेविषयीचा जो करार लागू झाला, त्यात प्रत्येक सदस्य देशाने अशा नावांना संरक्षण द्यावे, असे ठरले होते. मात्र ज्या नावाला त्याच्या मायदेशातच संरक्षण नाही त्याला इतर देशांनी ते देण्याचे बंधन नव्हते, आणि म्हणून भारताला स्वतःचा कायदा करणे भाग पडले. या कायद्यानुसार एखाद्या वस्तूचा गुण, लौकिक किंवा अन्य वैशिष्ट्य मुख्यतः तिच्या उगमस्थानामुळे आलेले असेल, तर त्या स्थानाशी जोडलेल्या नावाची नोंद चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात करता येते. व्यापारचिन्ह एका मालकाचे असते आणि ते विकता येते; पेटंट नव्या शोधाला मिळते आणि ठरावीक मुदतीनंतर संपते. भौगोलिक मानांकन यांपैकी कशातच बसत नाही, कारण ते त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे सामायिक असते, ते विकता, गहाण ठेवता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण केल्यास ते अखंड चालू राहते. नोंदलेल्या नावाखाली खोटा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षेची तरतूदही या कायद्यात आहे. देशातील पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. विदर्भापुरते बोलायचे तर नागपूरचे संत्रे, भिवापूरची मिरची, वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद आणि भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ ही नावे त्या नोंदवहीत दाखल झाली आहेत.

चंद्रपूर जिल्ह्याने मात्र या सर्वांहून अधिक दूरवर पोचलेला एक तांदूळ देशाला दिला, आणि त्याच्या वाट्याला हा कायदा आला नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक, प्राथमिक शाळेच्या दोन-तीन इयत्तांपलीकडे शिक्षण न झालेले दलित शेतकरी होते. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या त्या काळच्या प्रचलित वाणाच्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर रंगाच्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, त्यांतून पुन्हा निवड केली, आणि हे काम वर्षानुवर्षे चालू ठेवले. धान हे स्वपरागण करणारे पीक असल्यामुळे एका वेगळ्या रोपाचे गुण पुढच्या पिढ्यांत टिकवता येतात, पण त्यासाठी प्रत्येक हंगामात भेसळीची रोपे ओळखून उपटणे, वेगळी ठेवलेली रोपे रानडुकरांपासून राखणे आणि कापणी-मळणीत दाणा मिसळू न देणे एवढा कडक पहारा लागतो. कृषी संशोधन केंद्रात ज्यासाठी वेगळे वाफे आणि मजूर असतात ते सारे येथे एका माणसाच्या नजरेवर आणि जिद्दीवर चालले होते. हाती आलेला दाणा बारीक होता, भात मोकळा आणि चवदार होत होता आणि उत्पन्नही चांगले येत होते. शेजारच्या शेतकऱ्यांनी बियाणे नेले, माल बाजारात गेला, आणि तेथे एका व्यापाऱ्याने त्या काळी घराघरांत मानाने मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव दिले.

१९९४ मध्ये सिंदेवाही येथील कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने या वाणाचे बियाणे दादाजींकडून चाचणीसाठी नेले, आणि १९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. मूळ बियाणे भेसळीचे होते आणि त्याचे शुद्धीकरण करून वाण तयार केला, अशी बाजू विद्यापीठाकडून मांडली गेली. शुद्धीकरणाचे श्रम खरे मानले तरी मूळ निवड ज्याची, त्याचे नाव वाणाच्या नावात किंवा त्याच्या इतिहासात येऊ नये, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. तरीही दादाजींना त्या वेळी कोणत्याही कायद्याचा आधार घेता आला नसता, कारण तसा कायदाच नव्हता. १९६६ च्या बियाणे कायद्यात वाणाची गुणवत्ता आणि विक्री यांचे नियमन होते, पण वाण कोणी निर्माण केला याची नोंद आणि त्यावरचा हक्क ही संकल्पनाच भारतीय कायद्यात आलेली नव्हती. ती आली २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने, म्हणजे वाण प्रसारित झाल्यावर तीन वर्षांनी. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दखल घेतली, २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने देशातील ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले, आणि त्यांनी नांदेड ९२, नांदेड हिरा, डीआरके, विजय नांदेड, दीपक रत्न असे आणखी वाण निवडले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा एचएमटी तांदूळ अनेक राज्यांतील शेतात आणि देशभरच्या किराणा दुकानांत होता, आणि त्याच्या निर्मात्याचे दिवस अखेरपर्यंत ओढगस्तीतच गेले होते.

२००१ चा कायदा शेतकऱ्याला वाण-निर्मात्याचा दर्जा देतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेला किंवा विकसित केलेला वाण ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदवता येतो. त्यासाठी तो अगदी नवा असण्याची अट नाही, फक्त तो इतरांहून वेगळा, एकसारखा आणि पिढ्यांमागून पिढ्या स्थिर राहणारा असावा लागतो, आणि शेतकऱ्याला या कायद्याखालील कामकाजाची फी माफ आहे. पिकांच्या बाबतीत हा हक्क १५ वर्षे चालतो. एखाद्या व्यापारी वाणाच्या निर्मितीत गावाने राखलेल्या जुन्या वाणाचा उपयोग झाला असेल, तर त्या गावाच्या वतीने मोबदल्याचा दावाही करता येतो, आणि शेतकऱ्याने आपल्या शेतातले बियाणे राखणे, पेरणे, देणे-घेणे, इतकेच नव्हे तर छापील ब्रँडशिवाय विकणे हा त्याचा हक्क म्हणून लिहिला गेला आहे. जगातील अनेक देशांच्या वाण-कायद्यांत इतकी मोकळीक नाही.

मग एचएमटीला भौगोलिक मानांकनाने तरी वाचवता आले असते काय, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर या कायद्याची मर्यादा नेमकी दाखवते. मानांकनासाठी नाव आणि स्थान यांची गाठ लागते. एचएमटी या नावात नागभीड नाही, वैनगंगा नाही, या भूभागाला लोक ज्या नावाने ओळखतात ती झाडीपट्टीही नाही. ते एका घड्याळाचे नाव आहे आणि आता ते देशभरच्या बाजारात तांदळाच्या एका प्रकाराचे सामान्य नाव झाले आहे. जे नाव मूळ स्थानाचा बोध हरवून वस्तूच्या प्रकाराचे नाव बनले, त्याची नोंद होऊ शकत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. चिन्नोर या सुवासिक तांदळाची कथा याच्या उलट आहे: तो वैनगंगेच्या खोऱ्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशा दोन्ही राज्यांत पिकतो, आणि बालाघाट चिन्नोर व भंडारा चिन्नोर अशी दोन स्वतंत्र नावे स्थानासह नोंदली गेली. वाण दूरवर पसरणे ही शेतकऱ्यांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे, आणि दादाजींनी बियाणे हातचे राखून ठेवले असते तर विदर्भ-छत्तीसगडच्या लाखो घरांना तो भात मिळाला नसता. ज्याने उदारपणे दिले त्याच्या हक्काची नोंद देण्याच्या आधी कोठेतरी व्हावी, एवढीच अपेक्षा या प्रकरणातून पुढे येते, आणि ती नोंद करण्याचे ठिकाण नावाच्या कायद्यात नसून वाणाच्या कायद्यात आहे.

शेतातून रानाकडे वळले की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि तो टसर रेशमाच्या उदाहरणाने चांगला समजतो. विदर्भाच्या ‘करवत काटी’ साड्यांना व कापडाला भौगोलिक मानांकन आहे. या साडीचे अंग टसरचे आणि काठ सुताचा असतो, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी विणलेली असते. ती हातमागावरच नीट उतरते, कारण काठाचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी चालवून सांध्यावर एकमेकांत अडकवावा लागतो. विणकर मुख्यतः कोष्टी समाजाचे. धागा ज्या कोषातून येतो तो कोष मात्र आरमोरीसारख्या भागांत, येन आणि अर्जुनाच्या झाडांवर तयार होतो, आणि त्याची जोपासना परंपरेने ढिवर समाजाची कुटुंबे करतात. तुतीच्या रेशीमकिड्यासारखा हा किडा घरात पाळता येत नाही. अंड्यांतून निघालेल्या अळ्या उघड्या रानात झाडावर सोडतात, एका झाडाचा पाला संपला की त्या हातांनी दुसऱ्या झाडावर नेतात, आणि महिना-दीड महिना, कधी त्याहूनही अधिक, पाखरे, मुंग्या आणि गांधीलमाशा यांच्यापासून त्यांची राखण करतात. पावसाची झड लांबली किंवा रोग पडला तर सारे पीक हातचे जाते. शेवटी फांदीला कठीण देठाने चिकटलेला, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, राखाडी-पिवळट कोष मिळतो. त्यातला डिंक इतका घट्ट असतो की सोड्याच्या पाण्यात शिजवल्याशिवाय तार सुटत नाही.

आता कायद्याची भाषा पाहावी. हस्तकलेच्या बाबतीत ‘उत्पादक’ म्हणजे ती वस्तू बनवणारा, आणि त्या उत्पादनाचा व्यापार करणाराही. म्हणजे साडी विणणारा कोष्टी उत्पादक आहे, साड्यांचा व्यापारीही उत्पादक म्हणून नाव घालू शकतो, पण झाडाखाली गोफण घेऊन दीड महिना बसलेला ढिवर साडीचा उत्पादक ठरत नाही. त्याशिवाय बनवलेल्या वस्तूंच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एक टप्पा त्या प्रदेशात झाला तरी कायद्याची अट पुरी होते. धागा बाहेरून आणून साडी येथे विणली, आणि नोंदणीच्या वेळी दिलेल्या तपशिलात धाग्याच्या उगमाची अट नसली, तर नाव शाबूत राहते आणि आरमोरीचा कोष विकला गेला नाही तरी चालते. मानांकनाच्या अर्जातील वस्तूचे वर्णन हा केवळ कागदी सोपस्कार मानण्याची सवय येथे घातक ठरते, कारण कोणाचे श्रम त्या नावात धरले जाणार आणि कोणाचे सुटणार हे त्या चार-दोन परिच्छेदांत ठरते. आणि कोष जोपासणाऱ्याची खरी अडचण तर त्याच्याही आधीची आहे: येनाचे झाड वनखात्याच्या हद्दीत असते, आणि त्यावर अळी सोडायला परवानगी लागते.

बांबूच्या बाबतीत ही अडचण देशपातळीवर गाजली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मानवेल आणि कटांग या बांबूच्या जाती मुबलक आहेत, आणि सूप, टोपली, दुरडी, चटई, घराच्या भिंतींचे तट्टे, धान साठवायची कणगी ही सारी भांडीकुंडी बुरूड कारागिरांच्या आणि गोंड-माडिया घरांच्या हातांतून निघतात. बुरूड हिरवा, कोवळा बांबू मागतो; तो उभा चिरून कामट्या काढतो, बाहेरची हिरवी, चिवट पट्टी आतल्या ठिसूळ गरापासून सोलून वेगळी करतो, आणि सुपासाठी लागणारी पट्टी इतकी पातळ व एकसारखी करतो की विणीतून धानाचा कोंडा उडतो पण दाणा निसटत नाही. बांबू वाळला की ही पट्टी सुटत नाही, म्हणून वखारीत महिनोन्‌महिने पडलेला सुका बांबू स्वस्त मिळाला तरी त्याच्या कामाचा नसतो. रानातून वेळेवर, निवडून, ओला बांबू आणता येणे हीच या कलेची पहिली अट आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र बांबूला ‘वृक्ष’ ठरवले होते, आणि शास्त्राने गवत मानलेली ही वनस्पती तोडणे-वाहणे त्यामुळे गुन्ह्याच्या कक्षेत येत होते. त्याच जंगलातील बांबू कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारांनी जात होता.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने ही स्थिती बदलली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेची साथ आणि सर्वसहमतीनेच निर्णय घेण्याचा ग्रामसभेचा नेम यांमुळे हे गाव १९८० च्या दशकापासूनच आपल्या जंगलाचा अभ्यास करत आले होते. वन हक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वन हक्क मिळाला; असा हक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. त्या कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या करताना बांबू, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूपाने आणि औषधी वनस्पती यांची नावे घेऊन नोंद केली आहे, आणि ते गोळा करणे, वापरणे व विकणे यांवर गावाची मालकी मान्य केली आहे. तरीही बांबू वाहून नेण्याचा परवाना कोणी द्यायचा, यावर वनखात्याशी वाद चाललाच. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्याला येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा हा प्रश्न सुटला. पुढे गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वन हक्क मिळाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये वनेतर जमिनीवरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राने नवी हत्यारे, नव्या वस्तू आणि शिक्षण यांची सोय केली. उद्या या भागातील बांबूकामाला भौगोलिक मानांकन मिळाले तर त्याचा उपयोग जरूर होईल, पण मेंढ्याने २००९ ते २०११ मध्ये जे मिळवले ते नसते, तर मानांकनाचा कागद हातात घेऊन कारागीर वखारीच्या दारातच उभा राहिला असता.

वन हक्क कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा फारच थोडी होते. कलम ३, पोटकलम (१)(ट) हे जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा हक्क आणि जैवविविधता व सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित बौद्धिक संपदा व पारंपरिक ज्ञान यांवरचा सामूहिक हक्क वनवासी समाजांना देते. बौद्धिक संपदा एका व्यक्तीची किंवा कंपनीची असते, असे गृहीत धरणाऱ्या सगळ्या व्यवस्थेत गावाला बौद्धिक संपदेचा धनी मानणारे हे एक वाक्य आहे, आणि भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांइतका त्याचा उपयोग क्वचितच कोणाला असेल. माडिया समाजाला शासनाने विशेष असुरक्षित आदिम गटांत धरले आहे. कंद, साली, मुळे आणि पाने यांविषयीचे त्यांचे ज्ञान लिखित नाही, ते तोंडी आणि कृतीतून पुढे जाते.

ज्ञान लिखित नसण्याची किंमत किती पडते हे हळदीच्या पेटंटच्या प्रकरणावरून कळते. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. भारतातील प्रत्येक घरात हे माहीत आहे, एवढे सांगून भागले नाही. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख असे लेखी पुरावे दाखल करावे लागले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्यानंतर उभारलेले पारंपरिक ज्ञानाचे राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय हे आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांवर आधारलेले आहे आणि त्याने अनेक पेटंट रोखण्यास मदत केली आहे, पण ज्या ज्ञानाचा ग्रंथच नाही ते त्यात कसे यावे? जैवविविधता कायदा २००२ ने यासाठी वेगळी वाट ठेवली आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही करावी, असे तो सांगतो, आणि या संसाधनांचा व्यापारी वापर करणाऱ्याकडून लाभाचा वाटा गावाला मिळण्याची तरतूदही त्यात आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि मेंढा-लेखाशी त्यांचा दीर्घ संबंध राहिला. नोंदवहीत काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे गावानेच ठरवावे लागते, कारण उघडपणे लिहिलेले ज्ञान चोराला पेटंट मिळण्यापासून अडवते खरे, पण पेटंटशिवाय नुसते वापरून नफा कमावणाऱ्याला तेच वाट दाखवते. नोंदवह्या ठेकेदाराकडून भरून घेतल्या तर हा विवेक कोणी करायचा, हा प्रश्न गंभीर आहे.

या दोन जिल्ह्यांच्या सीमांपलीकडे पाहिले तर शेजाऱ्यांनी नावांच्या बाबतीत बरीच आघाडी घेतलेली दिसते. छत्तीसगडमधील बस्तरच्या ढोकरा ओतकामाला, लोखंडी कामाला आणि लाकडी कामाला मानांकन आहे. तेलंगणातील आदिलाबादच्या ढोकरा कामाला आणि निर्मलच्या खेळण्यांना आहे. गडचिरोलीची पूर्वसीमा बस्तर विभागाला लागते आणि चंद्रपूरची दक्षिणसीमा आदिलाबाद भागाला; गोंड आणि माडिया समाज तिन्ही राज्यांत पसरलेला, सोयरसंबंधांनी बांधलेला आहे. कलेची हद्द राज्याच्या हद्दीवर थांबत नाही, पण अर्जाबरोबर जोडायचा उत्पादनक्षेत्राचा नकाशा तेथे थांबला तर पलीकडच्या गावातला त्याच हाताचा कारागीर नावाबाहेर पडतो. यावर उपाय नाही असे नाही. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतले, आणि त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. गोंडी परंपरेतील कोणत्याही कलेसाठी अर्ज करताना हाच मार्ग धरायला हवा.

कोल्हापुरीचेच उदाहरण दुसरीही एक गोष्ट शिकवते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या, तेव्हा देशभर संताप उसळला आणि मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली, कारण मानांकनाचा भंग झाल्याची तक्रार करण्याचा अधिकार नोंदणीकृत मालकाचा आहे आणि तो मालक न्यायालयात आला नव्हता. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, हा तपशील संकटाच्या दिवशी सर्वांत महत्त्वाचा ठरतो. कायद्यानुसार अर्जदार उत्पादकांची संघटना असू शकते किंवा त्यांचे हित पाहणारी, कायद्याने स्थापन झालेली कोणतीही संस्था. व्यवहारात शासकीय महामंडळे, विद्यापीठे आणि बँकांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या समित्या अर्ज करतात, आणि गावातील कारागिराला कित्येकदा आपल्या कलेला मानांकन मिळाल्याचे वर्तमानपत्रातून कळते. नाव नोंदल्यानंतरही प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद केल्याशिवाय त्याला ते चिन्ह लावण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही. २०२० मध्ये या नोंदीची अर्ज फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली गेली, हे चांगलेच झाले, पण एटापल्लीच्या कारागिराला अडवणारी गोष्ट फी कधीच नव्हती. इंग्रजी अर्ज, उत्पादनाचा पुरावा आणि चेन्नईशी चालणारा पत्रव्यवहार यांनी तो अडतो.

गडचिरोलीत मात्र यावर तोडगा काढण्याजोगी एक संस्था आधीच उभी आहे. सामूहिक वन हक्क मिळालेल्या ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानांचे लिलाव स्वतः करतात, जमाखर्च ठेवतात, वनव्यवस्थापनाच्या समित्या नेमतात आणि अनेक ठिकाणी महासंघ करून एकत्र सौदे करतात. कायद्याने स्थापन झालेली, उत्पादकांचे हित पाहणारी संस्था ही व्याख्या त्यांना लागू पडू शकते, आणि अशा महासंघाने बांबूकामासाठी किंवा टसर कोषासाठी स्वतः अर्ज केला, तर रानावरचा हक्क आणि नावावरचा हक्क प्रथमच एका हातात येतील. त्या अर्जात वस्तूचे वर्णन लिहिताना कच्चा माल कोठून आणि कोणाकडून येतो हे नमूद करता येईल, कोष जोपासणाऱ्या ढिवर कुटुंबांना धाग्याच्या नव्हे तर कोषाच्या नावाचे उत्पादक म्हणून धरता येईल, आणि मालाच्या दर्जावर नजर ठेवणाऱ्या निरीक्षण समितीत बुरूड आणि माडिया कारागीर बसवता येतील. नोंदणीसाठी अर्ज जाहीर झाल्यावर हरकती घेण्यास तीन महिने आणि मागितल्यास आणखी एक महिना मिळतो. जाहिरात चेन्नईच्या इंग्रजी पत्रिकेत येते, आणि ती मराठी व गोंडीत गावोगाव वाचून दाखवण्याची व्यवस्था त्या चार महिन्यांच्या आत होणे आवश्यक आहे.